नंबराला बसलेली बाई

तो माणूस पहिल्याच मीटिंगमध्ये माझ्या डोक्यात गेला. ठाण्याच्या आमच्या ऑफिसात काचेच्या एका खोलीत आम्ही तिघं बसलो होतो. मी, आमचा मॅनेजर आणि तो. मॅनेजरने ओळख करून दिली, की या मॅडम डॉक्युमेंटेशनच्या, वीस वर्षांचा अनुभव आहे यांना. त्याने लॅपटॉपवरून मान वर न करता विचारलं, "इंग्लिश चांगलंय ना?" मी म्हटलं, "तुझ्यापेक्षा बरं असावं." मॅनेजर हसला. आम्ही दोघं हसलो नाही, आणि पुढचे आठ महिने हे असंच चाललं.

काम काय होतं ते आधी सांगते, नाहीतर पुढचं भांडण कळायचं नाही. कॉम्प्युटरच्या पोटात कर्नेल नावाचा एक मूळ प्रोग्राम असतो आणि बाकीचे सगळे त्याच्या हाताखाली चालतात. एकेका प्रोग्रामच्या आत एकाच वेळी बरीच कामं सुरू असतात, त्यांना थ्रेड म्हणतात. कुठल्या क्षणी कुठल्या थ्रेडने चालायचं आणि कुणी थांबायचं हे कर्नेल ठरवतं, प्रोग्रामला त्यात बोलायची सोय नसते. या माणसाने दोन वर्षं खपून ती सोय केली होती. प्रोग्राममधलाच एक थ्रेड मुकादम होणार आणि बाकीच्यांचा क्रम तो लावणार. एखादा थ्रेड डिस्कवरून काही यायची वाट बघत अडकला, की कर्नेलने फक्त मुकादमाला उठवून तेवढं सांगायचं. मग मुकादम दुसऱ्याला कामाला लावेल. कल्पना चांगली होती. मला माणूस आवडला नाही म्हणून कल्पनेला नावं ठेवणार नाही.

कर्नेल कुणा एका कंपनीच्या मालकीचं नसतं. जगभरातली माणसं त्यात बदल सुचवतात, अशा प्रत्येक बदलाला पॅच म्हणतात, आणि तो आत घ्यायचा की नाही हे रिव्ह्यूअर ठरवतात. सगळा व्यवहार साध्या ईमेलवर, एका सामाईक यादीवर, उघड्यावर, शेकडो लोकांसमोर होतो. तिथे एकदा पाठवलेलं पत्र मागे घेता येत नाही. यातला एक रिव्ह्यूअर तर असा फटकळ, की त्याची पत्रं वाचताना माझेच कान गरम व्हायचे. आमच्या माणसाने तीनदा पॅच पाठवले होते. तिसऱ्या वेळी या गृहस्थाने उत्तर दिलं, की हे नेमकं काय करतं ते मला तीन वेळा वाचूनही कळलेलं नाही, कळेल असं लिहून आणा, तोवर मी बघणार नाही. तेव्हा कुठे कंपनीला माझी आठवण झाली.

मी होकार दिला त्याला कारण होतं. वीस वर्षांत मी काय काय लिहिलं. पंपांची माहितीपत्रकं लिहिली, लिफ्टच्या कंट्रोलरची पुस्तकं लिहिली, बँकेच्या सॉफ्टवेअरची हजारभर पानं लिहिली. एकाही पानावर माझं नाव नाही. आमच्या धंद्यात ते नसतंच. पण कर्नेलमध्ये पद्धत अशी, की ज्याने पॅच लिहिला त्याने शेवटी आपल्या खऱ्या नावाने सही करायची, म्हणजे एक ओळ टाकायची, की हे मी लिहिलं आणि याची जबाबदारी माझी. माहितीचं पान हाही एक पॅचच असतो. मी लिहिलं तर माझी सही लागणार, आणि ते आत गेलं तर जगात कुठेही, कधीही, कुणीही बघेल तेव्हा माझं नाव तिथे असणार. पन्नाशीच्या बाईला असली हाव शोभत नाही हे मला कळत होतं. हाव होतीच.

तर त्याने मला त्या जगाचे रीतिरिवाज शिकवले. शिकवले म्हणजे दर वेळी चूक झाल्यावर हिडीसफिडीस केलं. मी पहिला मसुदा फाइल जोडून पाठवला, तर म्हणाला, "मॅडम, हा काय शाळेचा वार्षिक अंक आहे काय? साध्या अक्षरात, पत्राच्या आतच टाकायचं सगळं." मी उत्तर वरती लिहिलं, तर म्हणाला, "खाली लिहायचं, ज्या ओळीबद्दल बोलताय तिच्याखाली." एकदा त्याच्या एका पॅचच्या वर्णनात मी स्पेलिंगची चूक दुरुस्त केली आणि गप्प बसले. मला वाटलं, उपकार केले. तो जागेवरून उठून अख्ख्या मजल्यासमोर ओरडला.

"माझ्या सहीखालचा मजकूर तुम्ही बदलला?"

"स्पेलिंग होतं रे."

"काहीही असू दे. दुसऱ्याची सही आहे ना, मग तिच्याखाली कंसात आपलं नाव घालून एक ओळ लिहायची, की मी हे हे बदललं. रूल आहे तो. नाहीतर फोर्जरी झाली ही, फोर्जरी!"

पोरं हेडफोन काढून बघायला लागली. माझ्या निम्म्या वयाच्या मुलींसमोर मी खाली मान घालून कंसातली ती ओळ लिहिली. मनातल्या मनात त्याला ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत. पण नियम बरोबर होता, आणि तो मी पुन्हा विसरले नाही.

लिहायला बसल्यावर माझी गाडी एका जागी अडायला लागली. त्याला विचारावं तर तो सांगायचा ते त्याच्या एकट्याच्या डोक्यासाठी. म्हणून मी माझी जुनी पद्धत वापरली. मी काहीही लिहिलं, की आधी आईला मराठीत सांगते. आईला कळलं तर मला कळलंय. लिफ्टचं पुस्तकही मी तिला असंच सांगितलं होतं आणि तिने विचारलं होतं, की लाइट गेली तर दार आतून उघडतं का. कंपनीत तोवर हे कुणी विचारलं नव्हतं.

आई सातवी शिकलेली, आता अठ्ठ्याहत्तरची. मानपाड्याला आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये ती आणि मी, दोघीच राहतो. त्या रविवारी ती ताटात गहू घेऊन निवडत बसली होती. तिला बाजारचं पीठ चालत नाही. मी म्हटलं, "आई, जरा ऐक. गिरणी आहे असं समज."

"कुठली?"

"कुठलीही. रांगेत डबे ठेवलेत आणि गिरणीवाला ठरवतो कुणाचा डबा आधी घ्यायचा. हे कर्नेल. आता आमच्या माणसाने काय केलंय, की एका चाळीच्या डब्यांचा क्रम त्या चाळीतल्याच एका बाईने लावायचा. गिरणीवाल्याने त्यात पडायचं नाही. एखाद्याचे गहू ओले निघाले आणि दळण अडलं, तर त्याने नुसतं त्या बाईला सांगायचं. मग ती म्हणेल, तो डबा बाजूला ठेव, हा घे."

आई खडे वेचता वेचता थांबली. "अगं, हे मी केलेलं की! विष्णुनगरच्या चाळीत असताना. बायका नंबरावरून एकमेकींच्या झिंज्या उपटायच्या, म्हणून सगळ्यांनी मला बसवलेलं. गिरणीवाल्याला सांगून ठेवलेलं, आमच्या चाळीचा डबा मी सांगितल्याबिगर उचलायचा नाही."

"तेच. अगदी तेच."

"पण मग ते फसलेलं की गं."

"कसं?"

"तुझ्या वेळेला. नंबराला बसलेले आणि तिथेच कळा सुरू झाल्या. मला टांग्यात घालून दवाखान्यात नेली. आणि तो मेला गिरणीवाला डबे घेईना! म्हणे, बाई सांगतील तेव्हा. गिरणी मोकळी, डबे भरलेले आणि हा हात बांधून उभा. त्या दिवशी अख्ख्या चाळीने रात्री भात खाल्ला. चपाती नाही कुणाच्या घरी." ती हसायला लागली, मग एकदम माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमची ती बाई उठून गेली तर काय होतं?"

मला ते माहीत नव्हतं. त्याने सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. आई पुन्हा ताटाकडे वळत म्हणाली, "गिरणीवाल्याला आधीच सांगून ठेवायचं. बाई दिसली नाही, तर तुझा तू लाव नंबर, नेहमीसारखा. आम्ही मग तसंच ठरवलेलं."

सोमवारी मी त्याच्या टेबलापाशी उभी राहिले. विचारलं, मुकादम थ्रेडच अडकला तर?

"नाही अडकत. त्याची मेमरी लॉक केलेली असते, डिस्ककडे जावंच लागत नाही त्याला."

"मेला तर? कुणी मारला तर?"

"प्रोग्राम लिहिणाऱ्याने बघायचं ते. मॅडम, तुम्ही उगाच फाटे फोडू नका. इंग्लिश बघा."

ते "इंग्लिश बघा" मला फार लागलं. मी दोन दिवस चाचणीच्या मशीनवर बसले. मला कोड लिहिता येत नाही असं ऑफिसात सगळ्यांना वाटतं, मीही ते खोडून काढत नाही, कामं वाढतात. त्याच्याच नमुन्यावरून एक छोटा प्रोग्राम केला, मुकादम चालू झाला की दोन मिनिटांनी त्याला मारायचा. मारला. बाकीचे सगळे थ्रेड तयार, प्रोसेसर मोकळा आणि कुणीही हलेना. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मशीन बंद करून चालू केलं, पुन्हा तेच झालं. गिरणीवाला हात बांधून उभा होता.

मी अकरा ओळींचा परिच्छेद लिहिला. मुकादम मेला तर काय होतं ते स्पष्ट लिहिलं, आणि अशा वेळी थ्रेड पुन्हा कर्नेलच्या नेहमीच्या क्रमात जायला हवेत, ही सोय अजून नाही, हेही लिहिलं. त्याने तो वाचला. मग पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला. मी त्याच्यामागे उभी होते आणि मला, खोटं कशाला सांगू, मजा वाटत होती.

"हे नको," तो म्हणाला.

"खोटं आहे का?"

"खोटं नाहीये. पण हे लिहून आपणच त्याच्या हातात काठी देतोय. तो रिव्ह्यूअर सोडेल का? दुरुस्त करायला दोन-तीन महिने लागतील मला. आधी बाकीचं आत जाऊ द्या ना."

मॅनेजरला बोलावलं. मॅनेजर दोन्ही बाजूंनी मान हलवण्यात पटाईत होता. म्हणाला, "बघा, आपण प्रामाणिकच आहोत, पण टायमिंग असतं एकेका गोष्टीचं." मी म्हटलं, परिच्छेद राहील, नाहीतर माझी सही निघेल. आणि सही काढायची असेल तर संपूर्ण पानच दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्या, माझं एक वाक्यही वापरू नका. मॅनेजरने त्याच्याकडे बघितलं. मग तो म्हणाला, "ठीक आहे, राहू द्या. टेन्शन नका घेऊ." मी सही टाकून फाइल त्याच्या हवाली केली. पाठवायचे सगळे पॅच त्याच्याच नावाने जाणार होते, माझ्या सहीखाली त्याची सही, पाठवणाऱ्याची. तीही तिथली पद्धतच.

शुक्रवारी संध्याकाळी त्याने ते पाठवलं. शनिवारी-रविवारी मी दर तासाला बघत होते. कुणाचं उत्तर नव्हतं. मी फक्त आपलं नाव बघायचे आणि बंद करायचे, वरचं वाचायचे नाही. स्वतःचंच लिहिलेलं कोण पुन्हा वाचत बसेल? हा माझा मूर्खपणा, तोही नोंदवून ठेवते.

सोमवारी सकाळी कंपनीची बस काटई नाक्याला अडकली होती, नेहमीप्रमाणे. फोनवर त्या फटकळ रिव्ह्यूअरचं उत्तर दिसलं. माझ्या पानाच्या मध्यावर एका ओळीखाली त्याने लिहिलं होतं, की मुकादम थ्रेड मेला तर काय होतं हा कुणालाही पडेल असा पहिला प्रश्न, लेखिकेला तो पडलेला दिसत नाही. मग माझं नाव घेऊन, संपूर्ण नाव, लिहिलं होतं, की जिला स्वतःला कळलेलं नाही तिने इतरांना समजावून सांगण्याच्या फंदात पडू नये.

पहिल्यांदा वाटलं, की त्यानेच नीट वाचलं नसेल. मी वर जाऊन पान बघितलं. अकरा ओळी नव्हत्या. त्यांच्या आधीचं वाक्य आणि नंतरचं वाक्य एकमेकांना चिकटवलेलं होतं, सफाईने. खाली माझी सही जशीच्या तशी होती, तिच्याखाली त्याची. मध्ये कंसात काहीही नव्हतं.

ज्या माणसाने एका स्पेलिंगवरून माझ्यावर चारचौघांत फोर्जरीचा आरोप केला, त्याने. वीस वर्षांत एकदा माझं नाव कुठे लागलं होतं, तर ते मी न लिहिलेल्या खोटेपणाखाली लागलं, आणि आता ते तिथून कधीच निघणार नव्हतं.

फोनवरून पाठवलेलं पत्र ती यादी परत पाठवते, साध्या अक्षरातलंच चालतं. म्हणून मी बसमध्ये मांडीवर लॅपटॉप उघडला, फोनचं इंटरनेट जोडलं. शेजारची एचआरची मुलगी म्हणाली, "मॅडम, एवढं काय अर्जंट?" रिव्ह्यूअरच्या त्या वाक्याखाली, बरोबर खाली, जसं मला ओरडून शिकवलं होतं तसं, मी तीन वाक्यं लिहिली. हा प्रश्न मला पडला होता. मी सही केली तेव्हा या पानात पुढचा परिच्छेद होता. तो काढल्याची कंसातली नोंद मला इथे दिसत नाही. आणि त्याखाली अकरा ओळी चिकटवल्या. सगळ्यांना जाईल असं पाठवलं.

त्याआधी मी त्याला फोन करू शकले असते. बस अजून अर्धा तास तिथेच होती, फोन हातात होता आणि त्याचा नंबरही होता. मॅनेजरला करू शकले असते. सुचलं नाही असं म्हणणार नाही, सुचलं होतं. मला त्याला पाडायचा होता, आणि तो सगळ्यांसमोर पाडायचा होता, त्याने मला पाडलं होतं तसा.

दुपारी रिव्ह्यूअरचं दुसरं उत्तर आलं. त्याने माझी माफी मागितली, अर्ध्या ओळीत, पण मागितली. पुढे लिहिलं होतं, की या सगळ्या पॅचमधला मला समजलेला हा पहिला परिच्छेद आहे, आणि तो समजल्यामुळे आता मी हे आत घेऊ शकत नाही. आधी दुरुस्त करा. आणि दुरुस्त कराल तेव्हा, चूक कुणी दाखवली त्या व्यक्तीचं नाव पॅचमध्ये घाला. तीही एक पद्धत आहे तिथली. ज्याने दोष शोधला त्याच्या नावाची वेगळी ओळ असते.

माझी बदली त्याच आठवड्यात झाली. मॅनेजरने "कंपनीची इमेज" असा शब्द चार वेळा वापरला आणि मला बिलं छापायच्या सॉफ्टवेअरच्या मदतीची पानं लिहायला बसवलं. तिथे नावाचा प्रश्नच नव्हता. त्याचं प्रमोशन राहिलं, हे मला पॅन्ट्रीतून कळलं. मला वाईट वाटलं नाही. लोक माझ्याशी जरा जपून बोलायला लागले, चहाला हाका मारेनासे झाले, त्याचं मात्र वाटलं.

तो आणि मी चार महिन्यांनी एकदा लिफ्टमध्ये सापडलो. दोघंच. दुसरा मजला येईपर्यंत दोघंही आकड्यांकडे बघत होतो.

"एक फोन केला असतात तर?" तो म्हणाला.

"काढताना तू केलेलास?"

"मी काढला नव्हता. सरांनी सांगितलं म्हणून…"

"हात कुणाचे होते?"

त्याने पुन्हा आकड्यांकडे बघितलं. मग एकदम, माझ्याकडे न बघता म्हणाला, "दोन वर्षं, मॅडम. माहितीये का तुम्हाला, ठाकुर्लीला माझ्या घरी सगळ्यांना सांगून झालेलं, की काम आत जातंय." मी म्हटलं, "माझ्या घरी वीस वर्षं वाट बघून झाली." दार उघडलं. तो आधी बाहेर पडला. एवढंच आमचं शेवटचं बोलणं.

त्यानंतर महिन्याभराने त्याची मेल आली, एका ओळीची. नमस्कार नाही, मॅडम नाही. "दुरुस्ती झाली आहे, दोष दाखवणारे म्हणून तुमचं नाव घालायचं आहे, चालेल का?" कुणाचं नाव घालण्याआधी त्याला विचारावं असा संकेत आहे, तो त्याने या वेळी पाळला. मी "हो" एवढंच लिहून पाठवलं.

दुसऱ्या दिवशी नवे पॅच यादीवर आले. मी आधी दोष शोधायला म्हणूनच ते वाचले. मुकादम नाहीसा झाला की सगळे थ्रेड आपोआप कर्नेलच्या नेहमीच्या क्रमात परत जातात, अशी सोय त्याने केली होती, आणि सुबक केली होती. माहितीचं पान त्याने नव्याने लिहिलं होतं, त्याच्या एकट्याच्या सहीने. माझं एक वाक्यही ठेवलं नव्हतं. दोन स्वल्पविराम चुकलेले सापडले, त्याचा मला किती आनंद झाला ते सांगायला लाज वाटते. आणि दुरुस्तीच्या पॅचच्या तळाशी दोष दाखवणाऱ्याची ओळ होती. तिच्यात माझं नाव, संपूर्ण. रिव्ह्यूअरने खाली दोन शब्दांत लिहिलं होतं, आता ठीक.

लेखिका म्हणून नाही, तर खोट काढणारी म्हणून का होईना, नाव लागलं. मी रविवार येईपर्यंत कुणाला सांगितलं नाही. रविवारी आईसमोर लॅपटॉप ठेवला.

"काय आहे?"

"बघ ना. वाच."

तिने चष्मा लावला. इंग्रजी अक्षरं तिला लागतात, सावकाश. ओळीखाली बोट सरकवत तिने माझं नाव वाचलं, मग वडिलांचं, मग आडनाव. तिला आनंद झाला. तिने स्क्रीनवरच माझ्या नावावरून हात फिरवला. "कशाबद्दल दिलंय?"

"त्या कामात एक चूक होती. ती ज्याने दाखवली त्याचं नाव लिहितात इथे. जगात सगळीकडे दिसतं. कायमचं राहतं."

"कुठली चूक?"

मी सांगितलं. मुकादम निघून गेला तर बाकीचे अडकून पडायचे. आता कर्नेल त्यांचा नंबर नेहमीसारखा लावतं.

आईने चष्मा काढला. "ती गिरणीची गोष्ट?"

"हो. म्हणजे तशीच."

"ती तर मी सांगितलेली तुला. बाई उठून गेली तर काय, ते मी विचारलेलं. आणि गिरणीवाल्याने काय करायचं तेही मीच सांगितलेलं."

"अगं आई, ते तसं नसतं. मी मशीनवर करून बघितलं, परिच्छेद लिहिला…"

"लिहिलंस तूच," ती म्हणाली. रागावली नव्हती. तिने पदराने चष्मा पुसला आणि घडी करून डबीत ठेवला. आठ महिने मी रोज जेवताना त्या माणसाच्या नावाने बोटं मोडलेली तिने ऐकली होती. "तुझं नाव घालायच्या आधी त्याने तुला विचारलेलं?"

"विचारलेलं."

"त्याने तुला विचारलं तरी. तू मला विचारलंस का?"

नव्हतं विचारलं. "हो" हे एक अक्षर लिहायला मला काही क्षण लागले होते. त्या क्षणांत मला आई आठवली होती, ताट, गहू आणि टांगा, सगळं आठवलं होतं. तिचं नाव आणि आडनाव इंग्रजीत कसं लिहितात हेही मनात येऊन गेलं होतं. मग मी "हो" लिहिलं.